सही करण्याआधी

मागच्या पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, मूल तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. विषय थकलेल्या कर्जाचा होता. रजिस्टरवर सह्या घेणे चालले असताना एक बाई सहज बोलून गेल्या, "या आठवड्यातली ही माझी दुसरी सही. परवा मायच्या गावाला जाऊन आले." कसली सही, हे कोणीच विचारले नाही. त्यांचे वडील जाऊन जेमतेम महिना झाला होता. शेजारची एवढेच म्हणाली, "साडी तरी चांगली घेतली का भावानं?" सगळ्या हसल्या. त्या बाईही हसल्या.

मग पुढचा तासभर तेच बोलणे झाले. कुणाच्या माहेरी किती बांध्या होत्या, बोडीखालची जमीन कोणाकडे गेली, आजारी बापाचे कोणी केले, घर कोणाच्या नावावर चढले. थकलेल्या कर्जाचा विषय राहूनच गेला. परत येताना वाटले, आजची बैठक वाया गेली. आता तसे वाटत नाही. आम्ही कार्यकर्त्या कायद्याची शिबिरे घेतो, पोस्टर लावतो, वकीलताईंना बोलावतो. पण जमिनीचा निर्णय शिबिरात होत नाही आणि तहसीलमध्येही होत नाही. तो चुलीपाशी, ओट्यावर, तेराव्याच्या पंगतीनंतर, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बोलता बोलता होऊन जातो. कचेरीत फक्त त्याची नोंद होते. म्हणून मैत्रिणींनो, या वेळी कायद्याच्या आधी त्या बोलण्याविषयी लिहिते आहे.

हे बोलणे कान देऊन ऐकले तर त्यात तीन वाक्ये घरोघरी सापडतात. जात वेगळी असो, गाव ब्रह्मपुरीकडचे असो की चामोर्शीकडचे, वाक्ये तीच.

पहिले वाक्य: "तिच्या लग्नात दिलं ना सगळं."

हे वाक्य बाईलाही पटलेले असते. पण हिशेब मांडून पाहू. लग्नात जे गेले त्यातले तिच्या हाती किती राहिले? भांडीकुंडी सासरच्या घरात गेली, आहेर पाहुण्यांत वाटला गेला, जेवणावळ गावाने खाल्ली. हुंडा दिला असेल तर तो १९६१ पासून गुन्हा आहे आणि तोही तिच्या हातात पडत नाही. भावाच्याही लग्नात खर्च झाला. त्याच्या शिक्षणाला एखादी बांधी गहाण पडली. पण ते "त्याला दिलं" म्हणून कोणी सांगत नाही. मुलीवरचा खर्च म्हणजे वाटणी, मुलावरचा खर्च म्हणजे कर्तव्य, असा हा हिशेब आहे.

दुसरे वाक्य: "बाबांनीच तर कमावलं, बाबांच्या मनात असंच होतं."

हा घराच्या आठवणींचा प्रश्न आहे. आपल्याकडे प्रत्येक घरात जमिनीची एक गोष्ट असते. आजोबांनी जंगल साफ करून बांध्या कशा काढल्या, बाबांनी बोडी कशी खोदली, दुष्काळात बैल विकून धुरे कसे बांधले. गोष्ट खरी असते, पण अर्धी असते. मातीच्या टोपल्या डोक्यावर कोणी वाहिल्या? धानाची रोवणी वाकून कोणी केली? ही पोर लग्नाआधी आठ-दहा पावसाळे त्याच चिखलात उभी होती ना? मोहफूल वेचून, तेंदूपत्त्याच्या जुड्या बांधून जो पैसा आला, त्यातून खत कोणी आणले? हे सारे बायकांना आठवते. पण त्या आठवणी स्वयंपाकघरात सांगितल्या जातात आणि वाटणीची गोष्ट ओट्यावर सांगितली जाते. ओट्यावर जी आठवण सांगितली जाते तीच पुढे सातबाऱ्यावर उतरते.

तिसरे वाक्य सगळ्यात जड आहे: "आम्ही सांभाळलं."

हे वाक्य भाऊ म्हणतो. "आम्ही" म्हणजे कोण, हे विचारायला हवे. लकवा झालेल्या बापाचे हगणेमुतणे कोणी काढले? रात्री उठून कूस कोणी बदलली? बहुतेक घरांत त्या भावाच्या बायकोने. चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यात महिनाभर खाली सतरंजीवर कोण झोपले? बहुतेक वेळा मुलगी. स्वतःचे घर, स्वतःची लेकरे सासूवर टाकून ती आली. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात आणि पुरुषाची ८८, असे दिसले. आजारी माणसांची, मुलांची देखभाल करण्याचे तास याहून वेगळे. त्यातही बाईचा वेळ जवळपास दुप्पट. तरी वाटणीच्या बोलण्यात सेवा येते ती पुरुषाच्या नावावर जमा होऊनच.

कायद्याने काय केले तेही पाहू. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले की लग्न झालेल्या मुलीवरही आईबापाच्या पोटगीची जबाबदारी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तर मुलगा, मुलगी, नातू, नात असे सगळे स्पष्टच घातले आहेत. म्हणजे जबाबदारीत लेक सासरी गेली तरी लेकच. हक्काचे मात्र वेगळे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत ती जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, पण ज्यांची लग्ने त्याआधी झाली त्यांना वगळून. सगळ्या मुलींना तो हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि बाप २००५ मध्ये हयात असो वा नसो, हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नक्की केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उघडता येत नाहीत. थोडक्यात, लग्न झालेल्या लेकीला आईबापाची जबाबदारी १९८७ साली मिळाली आणि वडिलोपार्जित जमिनीतला बरोबरीचा वाटा त्यानंतर अठरा वर्षांनी.

हिंदू कोड बिल रखडवले गेले हे ज्या कारणांसाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्यातले एक होते. १९५६ च्या जूनमध्ये वारसा कायदा झाला आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला ते चांद्याला दीक्षा द्यायला आले. दर ऑक्टोबरला आपल्या बाया लेकरे कडेवर घेऊन तिथे जातात. त्यातल्या कितीतरी जणींनी हक्क सोडल्याच्या कागदावर सही केलेली असते, आणि त्याची आठवण त्या दिवशी निघत नाही. मी कुणाला दोष देत नाही. मीही सही केली आहे.

ते आता लिहिलेच पाहिजे. माझे वडील २०१९ मध्ये गेले. समाजकार्यात एम.ए. झालेली, गावोगाव बायकांना सातबारा वाचायला शिकवणारी मी, वडिलांच्या पंधराव्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून आले. आईनेही केले. कोणी धाक दाखवला नाही. भाऊ चांगला आहे. मला नोकरी होती, नवऱ्याला पगार होता, आणि "ताई मनाची मोठी आहे" हे ऐकायला बरे वाटले. मुद्रांकाचा खर्चही नाममात्र. आयुष्यभराचा हक्क सोडायला सरकारही फार पैसे मागत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशनसाठी भावाने रस्त्याकडेची अर्धा एकर विकली. पैसा आईच्याच कामी आला, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पण आई माझ्याकडे पडून होती तेव्हा म्हणाली, "विकलं ते बरंच केलं. पण मले विचारलं नाही. माह्या नावावर असतं तर विचारा लागलं असतं." पुढे वहिनीशी बोलणे निघाले. वडिलांचे सहा वर्षे तिनेच केले होते. मी म्हणाले, "तू एवढं केलंस म्हणून तर मी सही केली." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सही तुमच्या भावासाठी केली. माह्या नावावर का आलं?"

मला उत्तर देता आले नाही. खरेच होते. सेवा वहिनीने केली, हक्क मी सोडला, आईनेही सोडला, आणि तिघींच्या देण्यातून सातबाऱ्यावर नाव लागले एकाचे.

आणि आपल्या गप्पांत भांडण कोणाचे लावले जाते? नणंद आणि भावजयीचे. "नणंद हिस्सा मागायला आली", "भावजयीने मायला पाहिले नाही". कायदा रक्ताच्या नात्याला वाटा देतो आणि सेवा लग्नाच्या नात्याकडून करून घेतली जाते. त्यामुळे जिने सेवा केली तिला त्या जमिनीत कायद्याने काही नाही, आणि जिला कायद्याने आहे तिला "तू काय केलंस" म्हणून गप्प करता येते. या दोघी एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या की तिसऱ्याचे काम आपोआप होते. स्त्री चळवळीनेही आजवर लेकीच्या हक्काचे जेवढे बोलले तेवढे सुनेच्या श्रमाचे बोलले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तशी वाट दाखवणारे दाखले आपल्याच राज्यात आहेत. १९८६ च्या चांदवडच्या मेळाव्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शरद जोशींच्या सांगण्यावरून शेकडो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. १९९२ मध्ये शासनानेही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याची सोय केली. पण अर्ज नवऱ्याने करायचा. म्हणजे सगळे त्याच्या मर्जीवर. १ मे २०२४ पासून राज्यात जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावानंतर आईचे नाव आले, त्याचे स्वागतच आहे. पण आईचे नाव मुलाच्या दाखल्यावर लागले तरी जमिनीवर लागतेच असे नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती करणाऱ्या खातेदारांत बाया शंभरात चौदा.

गडचिरोलीने एक पाऊल पुढे टाकले आहे ते वनहक्क कायद्यामुळे. २००६ च्या या कायद्यात लग्न झालेल्या जोडप्याला मिळणारा जमिनीचा हक्क दोघांच्या संयुक्त नावे, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावे, असे लिहिले आहे. नवऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक तृतीयांश बाया हव्यात, असेही नियम सांगतो. पण गावात जाऊन विचारा, "तुझ्या नावाचा पट्टा कुठे आहे?" बहुतेक जणी सांगतात, "त्यांच्या पेटीत." नाव दोघांचे आणि किल्ली एकाची. नवरा वारला की दीर म्हणतो, जमीन तर आमच्या घरची.

आदिवासी बहिणींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. १९५६ चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे रूढी चालते. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला की बाईला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर ती आहे असे धरून चालता येणार नाही, तिच्या वारसांना समान वाटा मिळाला पाहिजे. कायदा मात्र अजूनही लागू झालेला नाही, हेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात स्पष्ट केले. कोरची-कुरखेड्याकडे हे बोलले की जाणती माणसे म्हणतात, "पोरीला जमीन दिली की बाहेरच्याच्या हातात जाईल." ही भीती पोकळ नाही. आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर १९७४ मध्ये जमीन परत देण्याचा कायदा करावा लागला. पण ज्या जमिनी गेल्या त्यांच्या कागदावर नावे कोणाची होती? बापांची, भावांची. दारूपायी, कर्जापायी त्यांनी अंगठे दिले. म्हणून कोणी मुलांचा वारसा बंद केला नाही. रूढीचा निर्णय बाहेरच्यांनी करू नये हे मला मान्य आहे. पण ग्रामसभेत तो विषय बायकांनी काढला तर त्याला बाहेरचा म्हणता येणार नाही.

कोळशाच्या पट्ट्यात, राजुरा-भद्रावतीकडे, हेच बोलणे वेगळ्या तऱ्हेने होते. खाणीत जमीन गेली की दोन एकरांमागे एक नोकरी, असा हिशेब. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असली की त्यांची संमती लागते, आणि वर्षानुवर्षे भाऊबीजेलाही न आठवलेल्या बहिणी त्या दिवशी आठवतात. गाडी पाठवून आणतात, जेवू घालतात, सही घेतात. नोकरी कोणाला लागावी, या बोलण्यात त्या घरातल्या शिकलेल्या पोरीचे नाव क्वचितच निघते.

आता अडचणीचे बोलू. "माहेर तुटेल" ही भीती आपण शिबिरात हसण्यावारी नेतो. ते चूक आहे. टाकलेली बाई, मार खाणारी बाई शेवटी भावाच्याच दारात जाते. तिला "हक्क माग" म्हणणे सोपे, ते दार बंद झाले तर तिला आपण ठेवणार आहोत का? पण असेही पाहिले आहे की सही देऊनही दार बंद होते, आणि तेव्हा परत मागायला काही उरत नाही. दुसरी अडचण जमिनीच्या तुकड्यांची. दोन एकर धानाची चार जणांत वाटणी काय करणार? पण नाव ठेवणे आणि धुरा घालणे या दोन गोष्टी आहेत. जमीन भावाने कसावी, नाव सगळ्यांचे राहावे, बहिणीला वर्षाकाठी दोन पोती धान यावे, असे चालवणारी घरे मी पाहिली आहेत. तिथे माहेर तुटले नाही, उलट दरवर्षी धानाच्या निमित्ताने येणेजाणे राहिले.

तेव्हा काय करायचे? मोठ्या घोषणा नकोत. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती गावागावांतल्या बायकांनी रेटा लावला म्हणून. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला बाया पायी गेल्या. रस्त्यावर उतरायला आपण भीत नाही. घरातल्या बोलण्यात बोलायला भितो. तिथूनच सुरुवात करायची आहे. मला चार गोष्टी सुचतात.

एक. वर्षश्राद्धापर्यंत सही नाही. दुःखातल्या माणसाने सही करू नये, एवढा साधा नियम गटाने ठरवावा. "आमच्या गटाचं ठरलं आहे" म्हटले की भावाशी एकटीला वाद घालावा लागत नाही. वारस नोंद आणि हक्कसोड हे दोन वेगळे कागद आहेत. वारस नोंदीत सगळ्यांची नावे लागतात, ती जरूर करावी. हक्कसोडाला मुदत नाही, घाई लागलेली असते ती दुसऱ्यांना. आणि तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने किंवा फेरफाराने मालकी जात नाही, स्थावराचा हक्कसोड नोंदणीकृतच लागतो. म्हणून अनोळखी कागद वाचून घेतल्याशिवाय बोट टेकवू नका.

दोन. सोडायचेच असेल तर आईच्या नावे सोडा. तीही हिस्सेदार असते. तिच्या नावावर जमीन असली तर तिला विचारावे लागते, आणि ज्या म्हातारीला विचारावे लागते तिच्या ताटात वेळेवर वाढले जाते. आईने पुढे कुणाला दिलेच तर सांभाळण्याची अट कागदात लिहावी. अशी अट असेल आणि पाळली नाही तर २००७ च्या कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अट तोंडी असेल तर फार अवघड.

तीन. सही देताना भावजयीचे नाव मागा. "माझा हिस्सा सोडते, पण सातबाऱ्यावर वहिनीचं नाव लाव, मग सोडते." ही अट नणंदच घालू शकते. भावजयीला स्वतःसाठी मागणे अवघड असते, नणंदेला तिच्यासाठी मागणे त्यामानाने सोपे. मी हे केले नाही. आता भावाशी बोलते आहे. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज घरात आणून ठेवला आहे, अजून सही झालेली नाही.

चार. आठवणी सांगा, त्याही ओट्यावर. कोणत्या बांधीत कोण राबले, कोणाच्या आजारात कोण बसले, कोणाचे डोरले विकून विहीर झाली, हे आईबाप जिवंत असताना सगळ्यांसमोर बोलले जावे. जमले तर वहीत लिहून ठेवावे. न्यायालयात त्याचा किती उपयोग होईल हा वेगळा प्रश्न. पण जी गोष्ट दहा वेळा सांगितली गेली ती तेराव्या दिवशी कोणाला खोडता येत नाही.

मूलच्या त्या बाईंना मी पुढच्या महिन्यात पुन्हा भेटले. त्यांनी सही केली होती ती तलाठ्यासमोरच्या जबाबावर, नोंदणी झालेली नव्हती. म्हणजे हक्क अजून शाबूत आहे, हे मी त्यांना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण बाई, साडी तर घेऊन बसले ना मी."

ती साडी परत करायची की नेसायची, हे त्यांचे त्या ठरवतील. गटाच्या पुढच्या बैठकीत मात्र कर्जफेडीच्या आधी हा विषय ठेवला आहे. तुमच्याही गटात ठेवून पाहा, आणि काय बोलणे झाले ते कळवा.